निळ्या दोऱ्याची फुलं

गावातल्या निम्म्या दुकानांची नावं ज्याने रंगवली, त्या माणसाला स्वतःचा चहाचा कप धड धरता येऊ नये, ही गोष्ट पेंटरला मान्यच नव्हती. मान्य नसलेली गोष्ट बोलायची नाही, हा त्याचा जुना खाक्या. म्हणून तो ती कुणापाशी बोलला नाही.

त्याला सगळे पेंटरच म्हणत. चौकातलं औषधांचं दुकान, त्याला लागून किल्ल्या बनवणारा, पुढे सायकली दुरुस्त करणारा, कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ, सगळ्यांच्या पाट्या त्याच्या हातच्या. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा. अक्षराची गोलाई एका श्वासात संपवायचा. शिडीखाली दोन-चार रिकामटेकडे कायम मान वर करून उभे असायचे, आणि गोलाई पूर्ण झाली की त्यातला एखादा हमखास ‘वा’ म्हणायचा. पेंटर वळूनही बघायचा नाही, पण ऐकायचा मात्र नक्की.

मग हात कापायला लागला. आधी ब्रश टेकवायच्या क्षणी जरासा, मग रेघ ओढताना, मग शर्टाची बटणं लावतानाही. डॉक्टर म्हणाला, काही मोठा आजार नाही, वयाबरोबर काहींचा हात असा कापतो, यानं माणूस मरत नाही. मरत नाही हे ठीक, पण जगायचं कशावर हे पेंटरने विचारलं नाही आणि डॉक्टरनेही सांगितलं नाही. शेवटची पाटी त्याने एका दातांच्या दवाखान्याची केली. तिची खालची रेघ अशी काही वाकडी गेली की दवाखान्यात शिरायच्या आधीच माणसाचे दात शिवशिवावेत. दवाखानेवाला भला होता. म्हणाला, “चालेल काका, छान आहे.” हे ‘चालेल’ पेंटरच्या जिव्हारी लागलं. आजवर त्याच्या पाटीला कुणी ‘चालेल’ म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून तो सांगू लागला की छापील फलकांनी धंदा खाल्ला. ते अर्धं खरंही होतं. अर्ध्या खऱ्याची सोय अशी, की ते सांगताना खाली बघावं लागत नाही.

घरात तो उजवा हात खिशात ठेवून वावरायचा. “मला निवांत जेवायला आवडतं,” म्हणून ताट मागच्या खोलीत न्यायचा. राहता राहिला चहा. तो त्याच्या बायकोने सोडवला. एक दिवस कप नेहमीप्रमाणे भरून यायच्या ऐवजी निम्माच आला. पेंटरने कपाकडे बघितलं, बायकोने खिडकीबाहेर. निम्मा संपला की ती आणखी निम्मा ओतायची. सबंध आयुष्य एकमेकांशी भांडण्यात घालवलेल्या त्या दोघांनी या एका गोष्टीवर चकार शब्द काढला नाही.

आता झाडाकडे येऊ.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून भिंतीपर्यंत जी थोडी मोकळी जागा होती, तिथे सुनेने एक झाड लावलं होतं. चेरिमोया त्याचं नाव. सीताफळाच्या कुळातलं, पण परमुलखातलं, ना फार थंडी सोसणारं ना फार ऊन. लग्नाच्या पहिल्या वर्षी रोपवाटिकेतून तिने त्याचं कलम आणलं, कारण कधीतरी कुणाच्या तरी घरी तिने ते फळ खाल्लं होतं आणि ती चव तिच्या जिभेवरून काही उतरत नव्हती. नवरा नोकरीपायी बाहेरगावी, महिना-दीड महिन्याने यायचा. सून आपली सकाळी चष्म्याच्या दुकानात जाऊन लोकांच्या चष्म्यांत काचा बसवायची आणि संध्याकाळी येऊन झाडाशी बोलायची. सासूचं म्हणणं, “माझ्याशी बोलण्यापेक्षा बरं. झाड उलटून बोलत नाही.”

झाड वाढलं झकास. मखमली पानं, पसरलेल्या फांद्या, आणि मोसम आला की फुलंच फुलं. फूल तरी कसलं? तीन जाड्या पाकळ्यांची, हिरवट पिवळी, खाली लोंबणारी शेंगच म्हणा ना. वास मात्र गोड. पण लागलेलं प्रत्येक फूल काही दिवसांनी टपकन खाली. दरवर्षी हेच. सासू रोज ती झाडून काढायची आणि म्हणायची, “नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.”

त्या वर्षी सून कुठून कुठून माहिती काढून आली. नाश्त्याच्या टेबलाशी बसून तिने सासूला सांगितलं, “आई, दोष झाडाचा नाहीये. या फुलाचं गणितच वेगळं आहे. आज सकाळी उमलतं तेव्हा ते बाई असतं. तेव्हा पाकळ्या जेमतेम किलकिल्या. दुसऱ्या दिवशी दुपार कलली की पाकळ्या सताड उघडतात आणि ते पुरुष होतं, पराग सोडतं. पण तोवर त्याचं बाईपण संपलेलं असतं.”

“म्हणजे एकाच घरात राहून एकमेकांची गाठ नाही,” सासू म्हणाली. “मग त्यात नवल काय? घरोघरी तेच.”

मागच्या खोलीच्या दारात उभा असलेला पेंटर खाकरला.

“तिकडे या झाडाच्या मुलखात बारीक किडे असतात,” सून पुढे म्हणाली. “ते सताड उघडलेल्या फुलातून पराग नेतात आणि किलकिल्या फुलात घालतात. आपल्याकडे ते किडे नाहीत.”

“मग?”

“मग आपणच किडे व्हायचं.”

ती खरंच कामाला लागली. दुकानातून कॉन्टॅक्ट लेन्सची एक छोटी डबी आणली. संध्याकाळी आली की सताड उघडलेली फुलं हलक्या हाताने डबीवर झटकायची, पिवळसर पूड जमली की झाकण लावून डबी फ्रिजमध्ये. सकाळी किलकिल्या फुलांच्या पाकळ्या दोन बोटांनी बाजूला करून आतल्या इवल्याशा शंकूला ती पूड ब्रशने लावायची. लावलेल्या फुलाच्या देठाला लाल लोकरीचा दोरा. लोकर सासूच्या पेटीतली, न विचारता घेतलेली.

आणि ब्रश? पापण्या रंगवायचा.

तो बघून मात्र पेंटरला राहवलं नाही. “हा ब्रश? याचे केस बघ, झाडूसारखे फाकलेत.”

“मग तुमच्यातला द्या एखादा.”

त्याच्या ब्रशांना आजवर बायकोनेही हात लावलेला नव्हता. एका मऊ कापडात गुंडाळून ते कपाटात ठेवलेले असत, आणि काम बंद पडलं तरी तो ते अधूनमधून काढून बघत असे. ते काही त्याने दिले नाहीत, पापण्यांच्याच ब्रशाने सुनेचं काम चालू राहिलं.

पण दुकानातली दुसरी बाई रजेवर गेली आणि सुनेला सकाळी लवकर जावं लागू लागलं. घराकडच्या फांद्या कशाबशा होत, भिंतीकडच्या राहून जात. “बाबा, भिंतीकडची बाजू तुम्ही कराल?” तिने बुटांचे बंद बांधता बांधता विचारलं, जणू दूध आणायला सांगत होती.

“मला नाही जमायचं. माझे गुडघे...”

“फांद्या कमरेपर्यंत खाली आल्यात बाबा. गुडघे कशाला लागतायत?”

“अहो, करा की,” आतून बायको म्हणाली. “झाड काही तुमच्याकडे टक लावून बघत नाही.”

हे शेवटचं बोलणं पेंटरला पटलं. भिंत आणि झाड यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी फट होती. पानं एवढी दाट की तिथे उभा राहिलेला माणूस ना स्वयंपाकघरातून दिसे ना शेजारच्या गच्चीवरून. दुसऱ्या दिवशी सून गेल्यावर त्याने कपाट उघडलं, कापड सोडलं आणि सगळ्यात बारीक, सगळ्यात आवडता ब्रश निवडला. रिवाजाप्रमाणे टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पँटीला पुसला आणि फटीत शिरला.

डाव्या हाताच्या बोटांनी पाकळ्या फाकवल्या. उजवा हात पुढे नेला. ब्रशाचं टोक फुलाच्या तोंडाशी असं थरथरत होतं की पहिल्या खेपेला ते पाकळीलाच लागलं, दुसऱ्या खेपेला अंगठ्याला. तिसऱ्यांदा आत गेलं आणि आतल्या आत नुसतं नाचलं. पेंटरने श्वास सोडला. मग आपल्या फुलाची खूण म्हणून निळी लोकर बांधली. गाठ मारायलाच जास्त वेळ लागला.

सगळी बाजू संपवून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याला भूक लागली होती. कितीतरी दिवसांत त्याला अशी भूक लागली नव्हती. संध्याकाळी त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळून धुतला, तेलाचं बोट लावून केस मऊ केले, चिमटीत धरून त्यांचं टोक काढलं आणि ब्रश कापडात निजवला. सच्चा पेंटर ब्रश असाच ठेवतो. तसा ठेवला नाही तर केस ताठ होतात आणि ब्रश मरतो. हे करताना तो चक्क गुणगुणत होता. बायकोने ते ऐकलं आणि चहाचा निम्मा कप तिसऱ्यांदा भरला.

मग तो रोज फटीत जाऊ लागला. दुपारीच सुनेच्या आधी डबी घेऊन पराग झटकून ठेवू लागला. भिंतीकडची बाजू निळीनिळी झाली, घराकडची लाल. झाड सजवलेलं दिसत होतं. बायको म्हणाली, “माझा स्वेटर झाडाने घातला.”

आठवडा उलटून गेला असेल. सुनेच्या लाल दोऱ्यांमधल्या पाकळ्या वाळून पडल्या आणि त्यांच्या जागी, देठाच्या टोकाला, मिरीएवढा हिरवा टणक मणी दिसू लागला. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. सून दुकानातून बहिर्गोल भिंग घेऊन आली आणि प्रत्येक मण्यासमोर थांबून हसत राहिली. सासू “बघू, बघू” करत मागे.

निळ्या दोऱ्यांना मणी नव्हते. देठ मुळाशी काळे पडले होते आणि बोट लावलं की फूल दोऱ्यासकट हातात येत होतं. पेंटरने आज हे बघितलं, उद्या ते. त्याने उन्हाला दोष दिला, मग भिंतीच्या सावलीला, मग मुंग्यांना. शेवटी स्वतःशीच म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं.” मुंग्या लाल दोऱ्यांवरही होत्या. झाड एकच, डबी एकच, पराग एकच. फरक होता तो फक्त हाताचा.

पाट्या गेल्या ते त्याने गिळलं होतं. पण एक फूल, ज्याला नुसतं स्पर्श करायचं, जे लहान किड्यालाही जमतं, तेही आपल्याला जमू नये? त्याला रडू आलं. रडू आलं याचा रागही आला. फटीतून बाहेर न येता तो भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिला आणि आतून बायको “अहो, कुठे आहात?” विचारत राहिली तरी त्याने ओ दिली नाही.

संध्याकाळी त्याने ब्रशांची गुंडाळी आणून सुनेच्या पुढ्यात ठेवली. “घे. तुझा हात स्थिर आहे. आता सगळं झाड तूच कर, जमेल तेवढं. आणि तो पापण्यांचा कुंचा टाकून दे.”

“बाबा, अहो, तुमचे ब्रश...”

“पडून खराब होतात.”

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाद न घालता गुंडाळी घेतली. कधी बोलू नये हे कळण्याइतकी ती त्या घरात मुरली होती. “फक्त संध्याकाळी साफ करायला मला आणून दे,” पेंटर म्हणाला. “ते तुला नाही जमायचं.” त्या दिवशी त्याचा चहा निम्म्याहून कमी आला. बायकोला वाईट वाटलं की तिचा अंदाज असाच चुके.

त्यानंतर तो मागच्या दाराकडे फिरकला नाही. सून पहाटे उठून दोन्ही बाजू करायची, संध्याकाळी ब्रश आणून द्यायची. पेंटर तो इमानेइतबारे टर्पेंटाइनमध्ये धुवायचा, तेलाचं बोट लावायचा, टोक काढून परत द्यायचा. उजवा हात पुन्हा खिशात गेला. जेवण मागच्या खोलीत. खिडकीतून दिसणाऱ्या झाडाकडे तो पाठ करून बसायचा.

एके दिवशी सकाळी बायको झाडू आणि सुपली घेऊन त्याच्या खोलीच्या दारात आली. “हे बघा. आता तर तुमच्या सुनेचीपण गळायला लागली.”

सुपलीत काळ्या देठांची फुलं होती आणि प्रत्येकाला लाल दोरा होता.

“आधी लागलेले मणीसुद्धा गळाले?” पेंटरने विचारलं.

“ते नाही हो. ते घट्ट आहेत, उलट वाढलेत. ही हल्लीची आहेत. गेल्या आठवड्यातली.”

पेंटर सुपलीकडे बघत राहिला. मग उठला. आधीची लाल टिकली, नंतरची लाल गळाली. झाड तेच. डबी तीच. हात तोच, काच बसवणारा, दगडासारखा स्थिर हात. मधे बदललं काय?

त्याने टेबलावरची गुंडाळी सोडली, ब्रश काढला आणि नाकाशी नेला. काही वास नाही. बायकोच्या नाकाशी धरला. “कसला वास येतो?”

तिने हुंगलं. “कसला येणार? तुमचा.”

“माझा म्हणजे?”

“म्हणजे तुमचा! टर्पेंटाइनचा. सगळ्या घराचाच तो वास आहे, लग्न झाल्यापासून.”

पेंटरने शेजारचं वर्तमानपत्र ओढलं आणि ब्रशाचं टोक त्याच्या कोऱ्या कडेला टेकवलं. रंग नव्हता, पाणी नव्हतं, तरी तिथे एक डाग उमटला, आणि हळूहळू पसरला. कागद उचलून त्याने उजेडाकडे धरला. डाग आरपार दिसत होता. तेल. सुनेचं भिंग टेबलावरच पडलं होतं. सुपलीतलं एक फूल उचलून त्याने आतल्या शंकूवर भिंग धरलं. शंकू काळवंडलेला होता आणि परागाची पूड त्यावर तेलकट गोळा होऊन चिकटली होती. रोज संध्याकाळी मायेने लावलेलं तेलाचं बोट, आणि वर टर्पेंटाइनचा मारा. फूल बिचारं गुदमरून मरत होतं.

मग पेंटर हसायला लागला. आधी घशातल्या घशात, मग मोठ्याने. हसता हसता त्याने एक गिरकी घेतली, त्याच्या वयाला अजिबात न शोभणारी.

“अगं, तिचा हात कापत नाही!” तो ओरडला. “तिचा हात कापत नाही, तरी गळाली!”

त्या घरात ‘हात कापतो’ हे शब्द मोठ्याने उच्चारले गेले ते त्या दिवशी पहिल्यांदा. बायको झाडू धरून उभी. “अहो, सुनेची फुलं गळाली आणि तुम्ही नाचताय? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं मी!”

“कोण चोर?”

“हा!” त्याने ब्रश दाखवला.

“आणि संन्यासी?”

पेंटरने उजवा हात तिच्यासमोर धरला. तो कापत होता, नेहमीसारखाच. किती दिवसांनी तो तिला असा समोर दिसत होता. बायकोने झाडू भिंतीला टेकवला, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तिच्या हातातही तो कापतच होता. “वेडे आहात,” ती म्हणाली, आणि मग पुन्हा तेच म्हणाली.

संध्याकाळी सून आली तेव्हा पेंटर दारातच उभा होता. “तुझी फुलं मी घालवली,” त्याने सांगून टाकलं, आणि वर्तमानपत्राचा डाग तिच्यापुढे धरला. सून भिंतीला टेकली. तिला वाईट वाटलं, वाटणारच. मोसम सरत आला होता. झाडाखाली जाऊन ती मान वर करून बघत राहिली. खालच्या फांद्या संपल्या होत्या. अगदी वर, शेंड्याकडे, थोड्या कळ्या शिल्लक होत्या.

तिने पर्समधून पापण्यांचा ब्रश काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“मी?”

“मग कोण? वर चढायला शिडी लागेल. मला शिडीवर गरगरतं.”

“अगं, पण माझा हात...”

“बाबा, तुमच्या हाताने अजून एकही फूल मेलेलं नाहीये. तेलाने मेलीत.”

दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरची शिडी काढली. शिडी खाली बायकोने धरली आणि सून दुकानाला जायचं सोडून मागच्या दारात उभी राहिली. इथे फट नव्हती. शेंड्याकडे पानंही विरळ होती. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघत होती. पेंटरने खाली एकदा नजर टाकली. शिडीखाली माणसं मान वर करून उभी आहेत, हे किती दिवसांनी.

पाकळ्या फाकवल्या. ब्रश नेला. तो थरथरत आत गेला आणि आतल्या शंकूभोवती, मागे, पुढे, खाली, सगळीकडे थरथरला. निळा दोरा. पुढचं फूल.

“गाठ सुटेल ती,” बायको खालून म्हणाली.

“तू शिडी धर.”

कळ्या उमलतील तशा चार-पाच सकाळी हे चाललं. नंतर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. पेंटर दिवसातून कितीदा तरी झाडाखाली जायचा आणि वर बघून यायचा. एक फूल गळालं तेव्हा तो दुपारी जेवला नाही. दुसरं गळालं तेव्हा बायकोने त्याला सांगितलं की सगळी तर तुमच्या सुनेचीही लागली नव्हती, जेवा आता. मग एका सकाळी सून शिडीवर चढली, जिला शिडीवर गरगरतं ती, आणि वरून तिने काहीच न बोलता नुसता हात हलवला. वर मिरीएवढे मणी होते. हिरवे, टणक, निळ्या दोऱ्यांचे.

फळं धरली आणि मोठी होत गेली. तसं एक लक्षात येऊ लागलं, आधी सासूच्या. “तुझी फळं अशी काय गं? एका गालात घास धरल्यासारखी?” खरंच, लाल दोऱ्याची बरीच फळं एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने बसकी होती. निळ्या दोऱ्याची सगळीकडून भरलेली, गोल गरगरीत.

सुनेने भिंग लावून दोन्ही बघितली. “आतल्या शंकूला किती तरी डोळे असतात,” ती म्हणाली. “ज्याला ज्याला पराग मिळतो तेवढाच भाग भरतो. मला असायची घाई. माझा ब्रश जिथे टेकला तिथे टेकला. तुमचा मात्र...”

तिने भिंग खाली ठेवलं.

“कापतो,” पेंटर म्हणाला. “म्हण की.”

“तुमचा सगळीकडे पोचतो,” सून म्हणाली. “पुढच्या वर्षी सगळं झाड तुमचं. मी पराग झटकून देईन.”

पहिलं फळ बोटाने दाबल्यावर मऊ लागलं तेव्हा सुट्टी होती आणि मुलगाही घरी आलेला होता. सुनेने टेबलावर फळ कापलं. आत पांढराशुभ्र गर आणि काळ्या बिया. बायकोने सवयीने एका ताटलीत फोड काढली आणि मागच्या खोलीकडे निघाली, तर पेंटर खोलीतून बाहेर येत होता. खुर्ची ओढून तो टेबलाशी बसला. उजव्या हातात चमचा घेतला. चमचा ताटलीवर दोनदा वाजला, गर तोंडापाशी जाताना जरा हनुवटीला लागला. मुलाने बघितलं आणि मग फळाकडे बघू लागला. पेंटरने गर जिभेवर घोळवला आणि डोळे मिटले.

“कसं आहे?” सुनेने विचारलं.

“वा,” पेंटर म्हणाला.

सासू म्हणाली, “बरं आहे.” तिच्या तोंडून याहून मोठी तारीफ त्या घरात कुणी ऐकलेली नव्हती.

मग चहा झाला. बायकोने सगळ्यांचे कप भरले आणि पेंटरचा, नेहमीप्रमाणे, निम्मा.

“भरून दे,” तो म्हणाला.

बायकोचा हात किटलीवर थांबला. “सांडेल.”

“सांडू दे.”

तिने कप काठोकाठ भरला. पेंटरने तो उचलला. थोडा चहा बशीत सांडला, थोडा टेबलक्लॉथवर. कुणी फडकं आणायला उठलं नाही. उरलेला सगळा त्याने सगळ्यांच्या समोर बसून, सावकाश, संपवला.